पंच तडकतो, तेव्हा दोष कुणाचा?

प्रश्न : ईएन-३१ या पोलादाचे २५ मिमी व्यासाचे पंच (ठोकून भोक किंवा ठसा पाडायची हत्यारे) आम्ही भट्टीत तापवून पाण्यात सोडतो. काही लगेच, तर काही दुसऱ्या दिवशी डोक्याखालच्या पायरीवर तडकलेले दिसतात. माल खराब आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मालावर संशय घेण्याआधी पाणी बंद करा. ईएन-३१ मध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि १.४ टक्के क्रोमियम असते. क्रोमियममुळे या जाडीचा जॉब (घडवायचा तुकडा) तेलातही पूर्ण कडक होतो.

तापवल्यावर पोलादाची रचना बदलून ऑस्टेनाइट होते आणि त्यात कार्बन विरघळतो. सावकाश थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, जॉब मऊ राहतो. झटकन थंड केले तर कार्बन आत अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होते. ते अतिशय कडक, पण ठिसूळ. शिवाय तयार होताना फुगते. पाण्यात बाहेरचा थर आधीच कडक होऊन बसतो, गाभा मागाहून फुगतो आणि बाहेरच्या थराला ताण देतो. हा ताण नेमका पायरीच्या धारदार कोपऱ्यात एकवटतो. तडा तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या दिवशीचे तडे टेंपरिंगला, म्हणजे कडक जॉब पुन्हा थोडा तापवून ठिसूळपणा उतरवायला, उशीर केल्याचे आहेत. तो ताण जॉबमध्ये तसाच मुरलेला असतो. रात्रभर ठेवलात तर कधीही तडा जाऊ शकतो.

आता पद्धत. लेथवर पायरीला किमान १.५ मिमी रेडियस (गोलाई) द्या, टूलच्या रेघा पॉलिश पेपरने काढा. ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला जॉब आधी सारखा तापू द्या, मग ८३० ते ८४० अंशांवर न्या. गाभ्यापर्यंत तापल्यावर अर्धा तास पुरे. तेल ५० ते ६० अंश गरम हवे; गार तेल दाट असते, जॉबभोवती नीट फिरत नाही. जॉब उभा धरून वर-खाली हलवा. हाताला सोसवेल इतका कोमट झाला, की लगेच १८० अंशांवर दोन तास टेंपर करा. ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचे माप) आसपास कडकपणा मिळेल. पंचावर ठोके जास्त बसत असतील तर २०० ते २२० अंशांवर करा. कडकपणा थोडा उतरेल, पण कडा कमी उडतील.

एक समज मात्र सोडा : जास्त तापवले की जास्त कडक होते, हे खरे नाही. ९०० अंशांच्या वर कण मोठे होतात आणि थंड झाल्यावरही बरेच ऑस्टेनाइट तसेच उरते, म्हणून कडकपणा उलट कमी भरतो. तुटलेला पंच उजेडात धरून पाहा. तुटलेली बाजू राखाडी, मखमलीसारखी बारीक असेल तर तापमान ठीक होते. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारा भाग) तपासून घ्या.

प्रश्न : कडक केलेल्या जॉबवर कानस चालते, म्हणजे वरचा थर मऊ आहे, पण ग्राइंडिंगनंतर आत मीटर ६१ एचआरसी दाखवतो. हे कसे?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : भट्टीतल्या हवेने पृष्ठभागावरचा कार्बन जळाला आहे. तो थर कडक होऊच शकत नाही. जॉब बिडाच्या किसात पुरून तापवा आणि ग्राइंडिंगसाठी प्रत्येक बाजूला ०.३ ते ०.५ मिमी माल राखा. ग्राइंडिंग करताना कूलंट भरपूर सोडा, खोल कट घेऊ नका. निळा डाग उमटला, तर तिथला पृष्ठभाग पुन्हा मऊ झाला असे धरा.