प्लॅस्टिक मॉडेल्स रंगवायला एअरब्रश शिकायचा आहे, सुरुवात कशी करू?

तुम्ही विचारलंय की १:७२ च्या (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) विमानावर साध्या ब्रशचे फराटे राहतात म्हणून एअरब्रश घ्यायचा आहे, पण सिंगल ॲक्शन घ्यावा की ड्युअल, आणि पहिलंच मॉडेल वाया तर जाणार नाही ना?

ड्युअल ॲक्शनच घ्या, वर कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा. सिंगल ॲक्शन, म्हणजे ज्यात ट्रिगरने फक्त हवा सुरू होते आणि रंगाचं प्रमाण आधीच ठरवून ठेवावं लागतं, तो सोपा असतो असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. ड्युअलमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. बोटाला ही सवय लवकर लागते आणि मग किती रंग सोडायचा ते पूर्ण तुमच्या हातात राहतं. कंप्रेसर टाकीवाला बघा, सोबत रेग्युलेटर (हवेचा दाब कमी-जास्त करणारा) आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) हवाच. ट्रॅप नसेल तर दमट दिवसात रंगाबरोबर पाण्याचा थेंबही मॉडेलवर येऊन पडतो.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला काही बिघडलं की आपण एअरब्रशला दोष देतो. गडबड बहुतेक वेळा असते ती रंग किती पातळ केलाय यात. रंग दुधाइतका पातळ हवा असं सगळे सांगतात, पण ते ओळखायचं कसं? कपाच्या आतल्या भिंतीवर काडीने रंग वर ओढा आणि उतरताना बघा. मागे पातळसर, आरपार दिसणारा थर ठेवत खाली आला तर जमलं. जागीच थबकला तर अजून थिनर घाला. भिंत लगेच स्वच्छ झाली तर थिनर जास्त झालं.

हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (दाबाचं एकक) ठेवा आणि आधी फक्त बघायला शिका. रंगाच्या डबक्यातून चहूबाजूंना बारीक पाय फुटले, तर रंग फार पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. वाळलेला थर बोटाला खरखरीत लागला, तर रंग पोचायच्या आधी हवेतच वाळतोय: थोडं जवळ या, थिनर वाढवा. मध्येच ठिपके उडायला लागले, तर नोझलमधल्या सुईच्या टोकावर रंग सुकलाय. थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टोक पुसा आणि पुढे चला. ॲक्रिलिकमध्ये हे अधूनमधून होणारच. कपात बुडबुडे आले तर नोझल तुंबलाय किंवा नीट बसलेला नाही.

थिनर शक्यतो रंगाच्याच कंपनीचं वापरा. तामियाच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल चालतं, पण तेच आयसोप्रोपिल अल्कोहोल व्हॅलेहोच्या रंगात घातलं तर गुठळ्या होतात.

सराव कागदावर सुरू करा, पण तिथे रमू नका. कागद रंग शोषून घेतो, प्लॅस्टिक शोषत नाही. म्हणून प्लॅस्टिकचे चमचे घ्या. चमच्याचा बाक विमानाच्या नाकाशी बराच जुळतो. हवा आधी, रंग नंतर. थांबताना रंग आधी बंद, हवा शेवटी. फवारा मॉडेलच्या अलीकडे सुरू करून पलीकडे गेल्यावरच थांबवा, म्हणजे कडेला डबकं होत नाही. पहिल्या थराखालून प्लॅस्टिक दिसणारच, दिसू द्या. तो वाळला की दुसरा मारा.

एका बाबतीत मी हट्टी आहे. रंग पाण्यात मिसळणारा असला तरी त्याचे कण फुप्फुसात जाऊ देऊ नका. कापडी मास्क वाफ अडवत नाही, लॅकर (तीव्र वासाच्या सॉल्व्हंटमधला रंग) मारताना तर ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतोच. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

रंग बदलताना कप धुऊन थिनर फवारा. बैठक संपली की सुई काढून पुसा. टोकाला धक्का लागू देऊ नका, ते वाकलं की फवारा तिरका जातो. नोझल नाजूक असतो, तो जोर लावून आवळू नका. अख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले रबरी सील फुगतात.

पहिल्या मॉडेलसाठी एकाच रंगाचं विमान निवडा. कॅमोफ्लाजच्या मऊ कडांना रंग आणखी पातळ, दाब आणखी कमी आणि हात अगदी जवळ लागतो. चमच्यावर बारीक रेघ न तुटता येऊ लागली की त्याला हात घाला.