अंक नव्हे, नावं धरून ठेवा

'दरवर्षी आठ दिवाळी अंक घेतो, त्यातले दोन-तीन लेख मनासारखे निघतात, आणि पुढच्या वर्षी तेही सापडत नाहीत' असं तुम्ही लिहिलंयत. हे दुखणं ओळखीचं आहे. रविवारच्या पुरवण्या, वाचनालयाची दिवाळी अंक योजना हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

मुखपृष्ठ बघून अंक घेऊ नका. एकेका अंकाला तीन-चारशे रुपये जातात. स्टॉलवर उभ्या उभ्या अनुक्रमणिका उघडा आणि पानांचे आकडे वजा करा, म्हणजे लेख किती पानांचा ते कळेल. आठ पानांच्या आत रिपोर्ताज, म्हणजे जागेवर जाऊन, बघून-बोलून लिहिलेला लेख, सहसा उभा राहत नाही (मधली जाहिरातींची पानं धरू नका, नाहीतर फसाल). बारा मान्यवरांचा प्रत्येकी दीड पानाचा परिसंवाद दिसला की मी तरी अंक खाली ठेवतो. लेख चाळताना पहिलं पान सोडून तिसरं वाचा. पहिलं सगळेच घासूनपुसून लिहितात. तिसऱ्या पानावर गावाचं नाव, मजुरीचा आकडा, कुणाच्या तोंडचं बोलीतलं वाक्य आहे का? की नुसतं 'दाहक वास्तव' आणि 'व्यवस्थेचे बळी'? अनुभवपर लेखात लेखक एकदा तरी चुकताना दिसला पाहिजे. सगळीकडे तोच शहाणा असेल तर ते सत्काराचं भाषण झालं. अर्थात हे माझं मत, पटलं तर घ्या.

फारसं कुणी न वापरणारी जागा म्हणजे लेखसंग्रहांतली 'पूर्वप्रसिद्धी'ची यादी. आवडलेलं पुस्तक काढा, कुठला लेख आधी कुठल्या अंकात आला होता ते बघा. तीन-चार पुस्तकांत एकच नियतकालिक पुन्हा पुन्हा दिसलं, तर तिथला संपादक लेखकाला जागा आणि वेळ देतो असं समजा. संपादक बदलला की अंकही बदलतो, म्हणून संपादकाचंही नाव टिपा.

आता मला सगळ्यात महाग पडलेली चूक. लेखाचं आणि लेखकाचं नाव लक्षात ठेवलं, अंकाचं नाव आणि वर्ष नाही. एका वाचनालयात (नाव घेत नाही) विचारलं, तर रजिस्टरमध्ये 'दिवाळी अंक, ४२ नग' एवढीच नोंद. आत काय होतं, पत्ता नाही. जुने अंक कुठे? रद्दीत. कुणी ठरवलं? साहेबांना विचारा, सोमवारी. आणि सोमवारी वाचनालयाला सुट्टी! शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांची सूची केली, तीही संगणक नसताना. इथे ४२ अनुक्रमणिकांच्या झेरॉक्स काढून एका फायलीत लावणं जमत नाही. वर्गणी एक दिवस उशिरा भरा, मग बघा. असो.

तेव्हा अंक हातात आला की आधी मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका यांचे फोटो काढा आणि 'वर्ष, अंकाचं नाव' अशा फोल्डरात टाका. ऑनलाइन वाचत असाल तर नुसत्या लिंक साठवू नका. लिंका साठवून ठेवायचं 'पॉकेट' हे अ‍ॅप ८ जुलै २०२५ला बंद झालं, तेव्हा लिंकांच्या भरवशावर बसलेल्यांची धावपळ उडाली. लेख पीडीएफ करून ठेवा.

दिवाळीपर्यंत थांबायचं नसेल तर 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ बघा. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं, फुकट, मराठीतही. बरेच लेख अनुवादित असतात, पण अनुवादकाचं नाव दिलेलं असतं. ज्याची भाषा जमली त्याचेच पुढचे लेख शोधा.

आणि एखादा लेख फाडूनच ठेवायचा असेल, तर आधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अंकाचं नाव नि वर्ष लिहा. बऱ्याच अंकांत पानावर नुसता क्रमांक असतो.