पाकिटातले तेवीस फोटो

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल आली तेव्हा चार दिवसांच्या झडीनंतर जरा उघडीप पडली होती आणि मी कपाटं उघडून फोटोंच्या डब्यांना वारा देत बसलो होतो. तू पाठवलेले फोटो आधी मोबाइलवर पाहिले, मग नातवाच्या लॅपटॉपवर, मग लॅपटॉपच्या पडद्यावर भिंग धरून. नातू हसला. हसू दे.

वॉर्सात शिकायला गेलेली मुलगी रविवारी कोवोच्या जुन्या बाजारात जाते आणि आठवड्याच्या जेवणाचे पैसे एका मळक्या पाकिटावर घालवून येते, यावर रागवावं की शाबासकी द्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पाकिटावर तू जे लिहिलंयस, 'बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त वॉर्सा, १९४४', ते बॉलपेनने लिहिलंस ना? पाकिटावर चालेल. फोटोच्या पाठीवर मात्र पेन टेकवू नकोस. मी बावीस वर्षांचा असताना एका घरातल्या लग्नाच्या ग्रुप फोटोमागे सगळ्यांची नावं मोठ्या कौतुकाने बॉलपेनने लिहिली होती. आजही तो फोटो तिरका धरला की नवरीच्या गालावर माझं 'काकू' उलटं उमटलेलं दिसतं. मऊ पेन्सिल, तीही अगदी कडेला, एवढंच. धूळ मऊ ब्रशने झटक, पाणी लावू नकोस, लॅमिनेशनचा विचार मनात आला तर मला आधी फोन कर. प्लॅस्टिकच्या खिशांचा तो स्वस्त अल्बमही नको, साध्या कागदी पाकिटात प्रत्येक फोटो वेगळा ठेव आणि स्कॅन दोन्ही बाजूंचं कर. मागची बाजू कोरी दिसली तरी.

आता तुझा मथळा. त्यातला 'बॉम्बहल्ला' हा शब्द मला खटकला. जर्मनीतल्या ड्रेसडेन शहराच्या ढिगाऱ्याला तो बिनधास्त लावता येतो. वॉर्साचं तसं नाही, कारण हे शहर सहा वर्षांत अनेकदा आणि निरनिराळ्या रीतींनी पाडलं गेलं. सप्टेंबर १९३९ मध्ये विमानांनी आणि तोफांनी ते भाजून काढलं. २५ सप्टेंबरला तिथे 'काळा सोमवार' म्हणतात, आणि २८ तारखेला शहर शरण गेलं. मग एप्रिल-मे १९४३ मध्ये घेट्टोतल्या, म्हणजे कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यूंचा उठाव मोडताना जर्मनांनी घरामागून घर पेटवलं, १६ मे रोजी त्लोमात्स्के रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग सुरुंगाने उडवलं. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला सगळ्या शहराचा उठाव सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. त्यात पुन्हा विमानं, तोफा, गल्लीबोळांतली लढाई. तो २ ऑक्टोबरला संपला. उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढलं, आणि त्यानंतर, समोर लढायला कोणी उरलेलं नसताना, जाळपोळ करणारी आणि सुरुंग लावणारी पथकं रिकाम्या रस्त्यांवरून फिरत राहिली. १७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत आणि पोलिश फौजा आत आल्या तेव्हा ऐतिहासिक शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेलेला होता.

त्यामुळे पडक्या भिंतीचा फोटो हातात आला की 'कधीची?' हा प्रश्न आधी आणि 'किती भयानक!' नंतर. भिंत बहुधा काही सांगत नाही. तिच्या शेजारी काय उभं आहे, त्यावरून कळतं.

तुझा सहावा फोटो घे. चौकात उंच खांब आणि त्यावर क्रॉस धरून राजा उभा आहे. तो झिगमुंटचा स्तंभ, १६४४ सालचा. १९४४ च्या सप्टेंबरच्या अगदी सुरुवातीला एका रात्री तो कोसळला आणि १९४९ मध्ये पुन्हा उभा केला. तुझ्या फोटोत राजा खांबावर आहे. मागे राजवाडा आहे, त्याच्या भिंती धड आहेत, पण मनोऱ्याचं डोकं जळून गेलंय. ते १७ सप्टेंबर १९३९ ला जळालं, घड्याळ सव्वाअकराला बंद पडलं. (१९७४ मध्ये नव्याने बांधलेल्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम सव्वाअकरालाच सुरू केलं. तुझ्या खोलीपासून लांब नसेल, एकदा त्या वेळेला जाऊन उभी राहा.) राजवाड्याच्या भिंती मात्र त्या वेळी पडल्या नाहीत. जर्मनांनी त्यांत स्फोटकांसाठी भोकं पाडून ठेवली आणि पाच वर्षांनी, १९४४ मध्ये, त्या उडवल्या. म्हणजे तुझा फोटो या दोन तारखांच्या मधला. पुढे उभ्या शिपायांच्या अंगावर जाड ओव्हरकोट आहेत आणि पदपथावरचा ढिगारा कोणी अजून उचललेला नाही. मी पेन्सिलीने 'शरद १९३९' असं लिहीन आणि पुढे प्रश्नचिन्ह घालीन. तुझं १९४४ इथे पाच वर्षांनी चुकलं.

अशा खुणा तुला हळूहळू पाठ होतील. दंडावर पांढरी-तांबडी पट्टी बांधलेली पोरं दिसली तर उठावाचे दिवस. रस्त्यांच्या पाट्या जर्मनमध्ये, त्यातही चौकाला हिटलरचं नाव दिलेलं असलं, तर १९४० नंतरचं. साक्सोन राजवाड्याच्या कमानींपैकी फक्त तीन उभ्या दिसल्या, तर डिसेंबर १९४४ च्या अखेरच्या स्फोटांनंतरचं. त्या तीन कमानींखाली अज्ञात सैनिकाची समाधी आहे, ती तू पाहिलीच असशील. शहराच्या नकाशांच्या संकेतस्थळावर १९३५ आणि १९४५ ची हवाई छायाचित्रं आजच्या नकाशावर बसवून ठेवलेली आहेत. एखाद्या रस्त्याचं वळण ओळखता आलं की तिथे जाऊन छपरं मोज. अर्धा दिवस जातो, पण मजा येते.

आता मला जास्त सतावणारी गोष्ट. तिसऱ्या फोटोत दोन जर्मन शिपाई जळक्या दुकानासमोर हसत उभे आहेत. तू मला त्या दोघांबद्दल विचारलंस. मी तिसऱ्याचा विचार करतोय, ज्याच्या हातात कॅमेरा होता. कारण हे दोघे त्याच्याकडे बघून हसतायत. तुझ्या पाकिटातले निदान पंधरा फोटो त्याचे किंवा त्याच्या सोबत्यांचे असावेत. सहा बाय नऊचा आकार, दातेरी कडा, पाठीवर 'आग्फा-लुपेक्स'चा फिकट छाप, हे सगळं जर्मन शिपायाच्या खिशातल्या कॅमेऱ्याशी जुळतं. हे लोक आपसांत प्रिंट वाटून घेत, त्यामुळे तोच फोटो दहा अल्बममध्ये सापडू शकतो. 'जगात एकमेव' असं विक्रेत्याने सांगितलं असेल, ते मनावर घेऊ नकोस.

घेट्टोतल्या त्या हात वर केलेल्या मुलाचा फोटो तुला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. तो उठाव मोडणाऱ्या अधिकाऱ्याने वरिष्ठांसाठी बनवलेल्या अहवालातला आहे, आणि मूळ मथळ्यात लिहिलंय की यांना बळाने बंकरमधून बाहेर काढलं. फोटो खरा आहे, त्याला मथळा देणारा मारेकरी आहे. ऐंशी वर्षं आपण त्या घटनेकडे बहुतांशी त्याच बाजूने बघत आलो. २०२२ च्या अखेरीस एका पोलिश कुटुंबाला घरातल्या जुन्या खोक्यांत वडिलांनी काढलेल्या निगेटिव्ह सापडल्या. वडील तरुणपणी अग्निशमन दलात होते, घेट्टोची आग बाहेर पसरू नये म्हणून त्यांची तुकडी आत नेली होती, आणि त्यांनी लपूनछपून काही फोटो काढले. काही प्रिंट आधीपासून माहीत होते, पण पूर्ण फिल्म तेव्हा मिळाली. उठाव चालू असताना घेट्टोच्या आतून जर्मनांखेरीज दुसऱ्या कोणी काढलेले एवढेच फोटो ठाऊक आहेत. काही फ्रेम अंधूक आहेत, कुठे पुढे माणसाची पाठ आलीय. त्या पाठीमुळेच मला त्या जास्त खऱ्या वाटतात. चोरून काढणाऱ्याला चौकट नीट बसवायला वेळ नसतो.

उलट १९४४ च्या उठावातला छायाचित्रकार सिल्वेस्टर ब्राऊन, टोपणनाव 'क्रिस'. २८ ऑगस्ट १९४४ ला प्रुडेन्शियलच्या उंच इमारतीवर दोन टनी तोफगोळा आदळला तो क्षण त्याने एका छपरावरून टिपला. धुराचा लोट इमारतीच्याही वर गेलेला. उठाव फसल्यावर त्याने फिल्म काचेच्या बरण्यांत घालून तळघरात ठेवल्या आणि जानेवारीत परत येऊन बाहेर काढल्या. लोणच्याची बरणी पाहिली की मला हटकून तो आठवतो.

तू चौदाव्या फोटोला 'सगळ्यात भारी' म्हणालीस. बाळ, त्यात रस्त्यावर दोन माणसं मेलेली पडली आहेत. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं, बाजारभावाचा विचार करताना जीभ अशी घसरते, माझीही घसरलीय. पण अशा फोटोंना जास्त पैसे मिळतात म्हणूनच विक्रेते अल्बम फोडून एकेक पान सुटं विकतात, आणि तिथे खरं नुकसान होतं. अल्बममध्ये आधीच्या पानावर कुठलं गाव, पुढच्या पानावर कोणाचा वाढदिवस, खाली पांढऱ्या शाईने तारीख, एवढ्यावरून फोटोचा सगळा माग काढता येतो. सुट्या फोटोत तो जातो. तुझ्या फोटोंच्या पाठीवर काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेत, पाहिलेस? ते खरवडू नकोस. तेवढाच अल्बम उरलाय.

अकराव्या फोटोतल्या, पातेलं घेऊन उभ्या असलेल्या बाईबद्दल तू लिहिलंस, 'ही पुढे आपल्या वळिवड्याला आली असेल का?' हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. माझी आजी इथल्या, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीतल्या पोल बायकांच्या गोष्टी सांगायची, पंचगंगेच्या काठाने त्या कशा फिरायला जात ते सांगायची. पाच हजारांच्या आसपास माणसं होती तिथे, १९४३ पासून चार-पाच वर्षं. तू आता वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकासमोर उभी राहून मला फोटो पाठवलास, तेव्हा मलाही भरून आलं. तरी उत्तर नाही असंच आहे. वळिवड्याचे बहुतेक लोक पूर्व पोलंडचे. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे धाडलं होतं, तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे पोचले. जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सातून त्या वाटेला लागणं जवळजवळ अशक्य होतं. आपल्या गावाचा धागा जुळावा असं वाटतं म्हणून त्या बाईला तिकडे ओढू नकोस. तिचं स्वतःचं काहीतरी घडलं असेल, ते शोध.

आणि शोधता येतं. ज्युलियन ब्रायन हा अमेरिकन छायाचित्रकार १९३९ च्या सप्टेंबरमध्ये दोन आठवडे वेढलेल्या वॉर्सात होता. बटाट्याच्या शेतात विमानातून झाडलेल्या गोळ्यांनी मेलेल्या बहिणीवर वाकलेली एक मुलगी त्याने टिपली. १९५८ मध्ये तो परत गेला, तिथल्या सायंदैनिकात आपले फोटो छापून आणले आणि विचारलं, यातलं कोणी ओळखता का? लोक आले. ती मुलगीही, आता मोठी बाई झालेली, भेटली. तुझ्याकडे वर्तमानपत्र नाही, पण उठावाच्या संग्रहालयाचा फोटोसंग्रह आहे, राष्ट्रीय डिजिटल अभिलेखागार आहे, आणि १९४५ मध्ये राजधानी पुन्हा बांधायला निघालेल्या कचेरीचं दप्तर आहे. त्या दप्तराला २०११ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत जागा मिळाली. ही कचेरीची माणसं ढिगाऱ्यांचे फोटो रडण्यासाठी काढत नव्हती. कुठली भिंत ठेवायची, कुठली पाडायची, हे ठरवायला काढत होती, आणि म्हणून त्यांच्या नोंदींत रस्ता आणि घर लिहिलेलं असतं. तुझे फोटो त्यांच्याशी ताडून बघ. संग्रहालयात जाताना स्कॅन घेऊन जा, मूळ प्रिंट खोलीवरच राहू देत. त्यांनी मागितले तर मग बघू. माझं मत, द्यावेस. पण पैसे तुझे गेलेत, निर्णयही तुझाच.

आता एक काम. सतराव्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी खरडलंय, तुझ्या स्कॅनमध्ये ते नुसतं करडं दिसतं. रात्री खोलीतला दिवा बंद कर, टेबल लॅम्प अगदी आडवा धरून बाजूने उजेड पाड आणि मोबाइल सरळ वरून धरून फोटो काढ. दाबून लिहिलेलं असेल तर ओळ उठून दिसेल. अक्षर जुन्या जर्मन वळणाचं निघालं तर तुझ्या विद्यापीठात ते वाचणारं कोणीतरी असेलच. आणि पुढच्या रविवारी तो विक्रेता भेटला तर त्या अल्बमचे पुठ्ठे कुठे गेले, एवढं विचार. घासाघीस करू नकोस, नाहीतर तो सांगायचा नाही.

तुझा,
काका