बाळाच्या कार्डावर ‘इन्फ्लुएन्झा’ लिहिलेलं आहे, मग फ्लूची लस वेगळी कशाला?

तुमचा प्रश्न असा: मुलगा अडीच वर्षांचा, जूनपासून म्हापशात बालवाडीत जाणार, कार्डावर तीनदा ‘इन्फ्लुएन्झा’ आहे, तेवढं पुरे का?

पुरे नाही. ते तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीचे. त्यातला हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी, मेंदुज्वर आणि न्यूमोनिया करणारा जिवाणू. फ्लू होतो विषाणूने. १८९२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांत सापडलेल्या या जिवाणूलाच आरोपी ठरवलं. माणसातला खरा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला, तरी जिवाणूचं नाव तेच राहिलं. लस टोचणारे आम्ही त्या नावाशी अजून भांडतोय.

फ्लूची लस राष्ट्रीय वेळापत्रकात नाही, आपणहून मागावी लागते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या खेपेला दोन डोस, मध्ये चार आठवडे. पुढे दरवर्षी एक. दुसरा डोस बुडवणारे फार, आणि तेच पुढे ‘लसीचा उपयोग नाही’ सांगत फिरतात. संरक्षण यायला आणखी दोन आठवडे. आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो, तेव्हा पहिली सुई एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हवी. गणेश चवथीला घर भरल्यावर आठवण होऊन काय फायदा? खोक्यावरचं वर्ष वाचा, नवीन स्ट्रेनची, म्हणजे विषाणूच्या नव्या प्रकारांवरची मागा.

फार्मसीतून लस आणून डॉक्टरकडे नेणार असाल तर सरळ सांगते: नेऊ नका. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ती तापते. उलट फ्रीझरमधल्या बर्फाला चिकटवली तर गोठते, आणि गोठलेली लस वाया. पेंटाव्हॅलंट गोठून बिघडली का ते हलवून तपासता येतं, कारण तिच्यात ॲल्युमिनियम असतं आणि गोठल्यावर त्याच्या गुठळ्या तळाशी बसतात. फ्लूच्या लशीत ते नसतं, म्हणून गोठून वितळली तरी ती चांगलीच दिसते. नेणं टळत नसेल तर बर्फाचा पॅक बाहेर ठेवून घाम फुटू द्या, आत पाणी खळखळलं की लस न्यायच्या डब्यात घाला, आणि लस कापडात गुंडाळून ठेवा. लस फ्रीजमध्ये असताना वीज गेली तर दार उघडू नका.

‘लस घेतली आणि फ्लूच झाला’ म्हणणाऱ्या आजींना सांगा, सुईतल्या लशीत विषाणू मेलेला असतो. एक-दोन दिवस कणकण, दुखरा दंड, इतकंच. बाकीचा सर्दी-ताप दुसऱ्या विषाणूंचा, त्याला कषाय (काढा) द्या हवं तर.

अंड्याची ॲलर्जी हे आता टाळायचं कारण नाही. आधीच्या फ्लू लशीला तीव्र ॲलर्जी आली असेल तर मात्र देऊ नका. जोराचा ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस चालत नाही, त्याच्यासाठी आईने गरोदरपणात घ्यायची. आणि फ्लू झालाच, तर मुलाला ॲस्पिरिन नको.