मनाची विचारपूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे धाकटे दीर ३४ वर्षांचे. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतरच्या (फळासाठीच्या छाटणीनंतरच्या) पावसात घड जिरले, पीक गेलं, तेव्हापासून महिना झाला, बागेकडे फिरकत नाहीत. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात, अर्ध्या भाकरीवर उठतात, लेकरांवर खेकसतात. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, आमचे हे म्हणतात आळस. डॉक्टरचं नाव काढलं की ‘मी वेडा आहे का?’ म्हणतात. काय करू?
– एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, नुकसान झाल्यावर आठ-दहा दिवस माणूस खचतो, ते साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटूनही जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा कशातच गोडी उरली नसेल, आणि सोबत झोप, भूक, ताकद बिघडली असेल, तर नैराश्याची तपासणी करायलाच हवी. पुरुषांत अनेकदा रडण्याऐवजी चिडचिड दिसते, कुणाची दारू वाढते. नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येणं आणि सकाळ सगळ्यात जड जाणं ही या आजाराची जुनी खूण. संध्याकाळी थोडं हलकं वाटतं आणि तिथेच घरचे फसतात. रात्री पारावर चार शब्द बोललेला माणूस सकाळी उठत नाही, म्हणजे ढोंग करतो, असं त्यांना वाटतं. तो ढोंग करत नाही.

बोलायचं ते संध्याकाळीच, दोघंच असताना. डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगा : ‘भाऊजी, महिना झाला तुम्ही तीनला उठताय, जेवण निम्म्यावर आलंय. मला काळजी वाटते.’ मग गप्प बसा, उत्तराला वेळ लागतो. ‘मन घट्ट करा’, ‘त्यांचं तर तुमच्यापेक्षा जास्त गेलं’ ही वाक्यं टाळा. तो माणूस मनात स्वतःला तेच ऐकवत असतो.

पुढचा प्रश्न सरळ शब्दांत विचारा : ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने हा विचार मनात शिरत नाही, उलट दडवून ठेवलेलं बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर रागावू नका, शपथा घालू नका. कसं करायचं हे ठरलेलं असेल, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं आजच हलवा. हा टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं तर जीव वाचतो. औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्या घरी, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर. हे चोरून करू नका. ‘बरं वाटेपर्यंत फवारणीचं आम्ही बघतो’ असं तुमच्या यजमानांनी सांगावं.

‘वेडा’ हा शब्द आडवा येत असेल तर झोपेपासून सुरुवात करा. झोप खरोखरच मोडली आहे, त्यामुळे यात खोटं काही नाही. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉईड किंवा रक्त कमी असलं तरी थकवा, उदासी येते, म्हणून ते हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर तपासायला सांगतील. मग नाशिकला, त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात. नंबर लावणं, केस पेपर काढणं, रांगेत थांबणं त्यांच्यावर टाकू नका. या आजारात साधा निर्णयही डोंगराएवढा वाटतो. सोबत एका कागदावर लिहून न्या : कधीपासून, झोप किती तास, कोणती औषधं चालू, दारू किती. पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसचे दिवस अफाट उत्साह, वारेमाप खर्च असं झालं असेल, तर ते जरूर सांगा. त्यावर गोळ्यांची निवड बदलते.

सासूबाईंशी वाद घालू नका. सप्तशृंगीच्या गडावर जायचं तर जा. फक्त तेवढ्यासाठी दवाखाना पुढे ढकलू नका. रात्री-बेरात्री तुम्हालाच सुचेनासं झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन करावा.

प्रश्न : आईला नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन १२ दिवस झाले. मळमळ होते, फरक काही नाही. शेजारच्या काकू म्हणतात, सवय लागते. बंद करू का?
– सिडको, नाशिक

उत्तर : बंद करू नका. मळमळ, अस्वस्थपणा आधी येतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठही लागतात. बाराव्या दिवशी हिशेब मांडणं घाईचं आहे. गोळी जेवणानंतर घेऊन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पण अस्वस्थपणा फार वाढला किंवा जिवाचं काही बोलल्या, तर त्याच दिवशी कळवा.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. एकदम थांबवल्या तर मात्र चक्कर, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड होते, आणि लोक त्यालाच सवय समजतात. म्हणून डोस हळूहळू उतरवतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. चिठ्ठीत त्या असतील तर किती दिवसांसाठी, ते विचारून घ्या. बरं वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. मध्येच सोडल्यामुळे आजार उलटतो, आणि दोष गोळीवर येतो.

प्रश्न : महिनाभर उपचार घेऊन आमचा सहकारी कामावर परतला. त्याच्याशी काय बोलावं?
– अंबड एमआयडीसी

उत्तर : ‘आलास, बरं वाटलं’ एवढंच. कारण विचारू नका, गोळ्यांची चर्चा कँटीनमध्ये नको. चहाला हाक मारा, नाही म्हणाला तर उद्या पुन्हा मारा. रात्रपाळीने झोप मोडते आणि आजार परतू शकतो. त्याची तयारी असेल तर पहिले काही आठवडे दिवसपाळी मिळावी म्हणून सुपरवायझरकडे त्याच्यासोबत जा. गरज पडली तर तुमची पाळी त्याच्याशी बदलून घ्या.