फुकटातला एसएमपीएस आणि कॅबिनेटच्या झिणझिण्या

प्रश्न: नमस्कार, मी कळंब्यात राहतो, पहिल्यांदाच घरी पीसी बिल्ड करतोय. रायझन 5 5600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड घेतलंय. कॅबिनेटसोबत 450 वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फुकट आलाय, तो चालंल का? मित्र म्हणतोय 850 वॅटचा गोल्डच घे. पैसे जरा कमी आहेत.

उत्तर: भावा, मित्राचं ऐकू नकोस, आधी त्या फुकटातल्या डब्याच्या बाजूचा स्टिकर वाच. त्यावर 450 मोठ्ठं छापलेलं असतं ते सोड, खाली बारीक तक्त्यात +12V च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी पॉवर तिथूनच ओढतात. समज 18 अँपिअर असतील, तर 12 गुणिले 18 म्हणजे 216 वॅट, झालं, 450 कुठं गेले? तुझं 4060 एकटंच 115 वॅटचं, प्रोसेसर फुल लोडला 76 च्या आसपास, वर बोर्ड, एसएसडी, पंखे धरून अडीचशेच्या घरात जातंय. आणि अशा डब्याला बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डची 8 पिनची वायर पण नसते, मग दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या 4 पिनच्या वायरीवरून) कन्व्हर्टर काढून देतो, तो अजिबात लावू नकोस, वितळलेले बघितलेत.

850 तुला लागतच नाही. 4060 साठी एनव्हिडिया स्वतः 550 वॅट सांगते आणि त्यातच भरपूर मोकळीक धरलेली असते. चांगल्या कंपनीचा 550 नाहीतर 650 चा ब्रॉन्झ, पाच वर्षं वॉरंटीवाला घे, विषय संपला. गोल्ड म्हणजे ब्रॉन्झपेक्षा वीज कमी वाया जाते एवढंच, आतला माल चांगला आहे याची ती गॅरंटी नव्हे. राहिलेले पैसे यूपीएसला ठेव, पावसाळ्यात आपल्याकडं लाइटीचं काय होतं ते तुला सांगायला नको. फक्त 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे हां, तो साधारण 360 वॅटचाच असतो. तुझ्या पीसीला आणि मॉनिटरला पुरतो, पण वायफाय सोडून दुसरं काही त्यावर टाकू नकोस.

प्रश्न: राजारामपुरीत आमचं जुनं घर आहे. पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलून बघितला, तरी तेच. आता काय करू?

उत्तर: ताई, एसएमपीएसचा दोष नाही हो, घरातल्या अर्थिंगचा आहे. प्रत्येक एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंगच्या वायरीतून निघून जातो. वायरच नसली, किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असला, की तो तुमच्या हातातून वाट शोधतो. रबरी चप्पल घालून बसणं हा काही उपाय नव्हे. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, आणि तो जर म्हणाला की सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दोन मिनिटांचं काम आहे, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. झिणझिण्या थांबतील खऱ्या, पण उद्या कुठं न्यूट्रल तुटली तर अख्खं कॅबिनेट 230 व्होल्टला जाईल. नवीन अर्थिंगच करून घ्या, आणि जोडीला मेन बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पण बसवून घ्या.