व्हिएन्नात एकटीने संध्याकाळी काय करावं? ठरलेल्या वेळेचं काहीतरी धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात इथे मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस व्हिएन्ना, सोबत कुणी नाही, साडेपाचला काम संपतं, तुम्ही शाकाहारी आहात, दारू घेत नाही आणि संध्याकाळ हॉटेलच्या खोलीत काढायची नाही.

मीही कामानिमित्त तिथे एकटी राहिले आहे. माझं पहिलं सांगणं असं, की प्रत्येक संध्याकाळी ठरलेल्या वेळेचं काहीतरी हाताशी ठेवा. ‘बाहेर पडू, दिसेल ते बघू’ हे दुपारी चालतं. दिवसभराच्या कामाने अंग आंबलेलं, बाहेर गार वारा, दुकानं सहा-सातला मिटायला लागलेली, अशा वेळी नुसतं भटकायचा उत्साह तासाभरात संपतो आणि आठला माणूस खोलीत फोन घेऊन बसतो. पण सातला पडदा उघडणार आहे किंवा नऊला संग्रहालय बंद होणार आहे हे माहीत असलं, की पाय आपोआप निघतात. व्हिएन्ना अशा संध्याकाळींसाठी फार चांगलं शहर आहे, आणि एकट्या माणसाला तिथे कुणी वेगळं पाडत नाही.

सगळ्यात आधी ऑपेरा, म्हणजे गाण्यातून सांगितलेलं नाटक, आणि ते जिथे होतं ते श्टाट्सओपेर नावाचं मोठं नाट्यगृह. तिकिटाच्या धास्तीने बरेच भारतीय लोक इमारतीचा फोटो काढून पुढे जातात. बसायच्या चांगल्या जागा खरंच महाग आहेत, दोनशे युरोंच्या वर जातात. पण तिथे उभ्या जागा असतात, चारशेहून जास्त, आणि त्या वीस युरोंच्या आत मिळतात. त्या दिवशीची काही तिकिटं सकाळी दहाला ऑनलाइन सुटतात, उरलेली प्रयोगाच्या 80 मिनिटं आधी उभ्या जागांच्या खिडकीवर मिळतात. प्रयोग बहुधा सातच्या आसपास सुरू होतो. म्हणजे साडेपाचला सुटून तुम्ही थेट कार्ल्सप्लाट्झ मेट्रो स्टेशनला उतरलात तरी रांगेत वेळेवर पोचता. एकट्या माणसाला इथे फायदाच आहे: चौघांना शेजारी शेजारी जागा मिळणं कठीण, एकीला कुठेही मिळते.

खालच्या मजल्यावरची उभी जागा मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली आहे, तिथून रंगमंच सरळ समोर दिसतो. ती नाही मिळाली तर वरची गॅलरी घ्या. दिसायला थोडं लांब, पण आवाज सुरेख पोचतो. जागा धरायची तिथली जुनी पद्धत म्हणजे समोरच्या कठड्याला मफलर बांधून ठेवायचा, ओढणीही चालेल. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर शब्दांचं इंग्रजी भाषांतर येतं, त्यामुळे गोष्ट कळत नाही असं होत नाही. कोट बाहेर जमा करावा लागतो. साडी किंवा साधा सलवार-कुर्ता अगदी शोभतो. घाबरून गाऊन विकत घेऊ नका.

कार्यक्रम जवळजवळ रोज बदलतो, म्हणून आठवड्याचं वेळापत्रक आधी बघून निवड करा. पहिल्यांदा जाताय तर पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा ऑपेरा लागलेला असेल त्या दिवशी जा. अडीच-तीन तासांत संपतं आणि सूर लगेच मनात शिरतात. जर्मन संगीतकार वाग्नरचे प्रयोग चार-पाच तास चालतात आणि लवकर सुरू होतात, ते उभ्याने पहिल्या वेळी नको. संगीत नाटकं ऐकत वाढलेल्या माणसाला पात्र मधेच गाऊ लागतं याचं नवल वाटत नाही. फरक एवढाच, की इथे बहुतेक वेळा मधलं बोलणंही गाण्यातच असतं.

ऑपेराचं हे घर उघडलं 1869 मध्ये. 12 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात सभागृह आणि रंगमंच जळून गेले, पुढचा भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला. नवं सभागृह 1955 मध्ये पुन्हा सुरू झालं. युद्धातून बाहेर आलेल्या शहराने दहा वर्षांत आपलं गाण्याचं घर उभं केलं, हे त्या जिन्यावरून चढताना मला दर वेळी जाणवतं. मध्यंतरात उभ्या जागेतल्या लोकांशी बोला. विद्यार्थी असतात, आणि वर्षानुवर्षं येणारी म्हातारी मंडळीही असतात. आज कोण गातंय, मागच्या वेळी कोण गायलं होतं, हे ती फार प्रेमाने सांगतात. एकटं असण्याचा भार तिथे पार उतरतो.

एक सावधगिरी. ऑपेराच्या आसपास मोझार्टसारखे पांढरे टोप आणि लाल झगे घातलेले लोक तिकिटं विकत फिरतात. ती पर्यटकांसाठी केलेल्या वेगळ्या मैफिलींची तिकिटं असतात, ऑपेराची नसतात. वाद्यवृंदच ऐकायचा असेल तर जवळच म्युझिकफेराइन या मैफिलींच्या इमारतीतलं 1870 मधलं सोनेरी सभागृह आहे, तिथेही मागच्या बाजूला स्वस्त उभ्या जागा आहेत.

रोज उभं राहणं शक्य नाही, म्हणून मधल्या संध्याकाळींना संग्रहालयं. कुन्स्टहिस्टोरिशेस हे मोठं कलासंग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आल्बेर्टिना बुधवारी आणि शुक्रवारी. गुरुवारी सातनंतर सहलींचे गट गेलेले असतात. ब्रॉयगलच्या चित्रांची खोली शोधा आणि एकाच चित्रासमोर बाकावर बसा. त्याच्या चित्रांत शेतकरी, लग्नाची पंगत, खेळणारी पोरं अशी माणसं खच्चून भरलेली असतात. सोबतीला कुणी ‘चल पुढे’ म्हणणारं नसेल तरच ती नीट बघून होतात. ऑक्टोबरचा पहिला शनिवार तुमच्या मुक्कामात येत असेल तर चौकशी करा. त्या सुमारास तिथे संग्रहालयांची लांब रात्र असते, एका तिकिटात रात्री उशिरापर्यंत हवी तेवढी संग्रहालयं बघता येतात.

कॉफीघराबद्दल लोक सकाळचं लिहितात. मला ती रात्रीची आवडतात. एक मेलांज, म्हणजे दूध घातलेली कॉफी, मागवा. चांदीच्या रंगाच्या छोट्या तबकात कॉफी आणि पाण्याचा ग्लास येतो, आणि मग तुम्ही दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. आपण मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, तो तिथला मान आहे. म्हणून वेटर दुर्लक्ष करतोय असं वाटून घेऊ नका, निघताना ‘त्साहलेन, बिट्टे’ म्हणा. पुस्तक घेऊन एकटं बसलेलं माणूस हे तिथलं रोजचंच दृश्य आहे. डोरोथेअरगासेतल्या हावेल्कामध्ये रात्री आठच्या सुमाराला भट्टीतून गरम बुख्टेल्न येतात, आत आलुबुखारचा घट्ट जॅम भरलेले मऊ गोड पाव. त्यात अंडं असतं, तेवढं तुमचं तुम्ही ठरवा. प्र्युकेलमध्ये आठवड्यातल्या काही संध्याकाळी पियानो वाजतो.

जेवणाचं. इथे जरा जपून. बटाट्याचं सॅलड दिसायला निरुपद्रवी असतं, पण व्हिएन्नात ते बहुधा बीफच्या रश्श्यात कालवतात. सूपचंही तसंच, भाजीचं म्हटलं तरी विचारून घ्या. केझेश्पेट्झलं, म्हणजे चीजमधल्या छोट्या शेवया, पोटभर होतात. अंडं त्यातही असतं, कारण पिठातच घालतात. घरच्यासारखी उसळ-आमटी हवी असेल तर शॉटनटोअरजवळ ‘वीनर दीवान’ म्हणून पाकिस्तानी खानावळ आहे. हवं तेवढं वाढून घ्या, वाटेल तेवढे पैसे द्या अशी तिची रीत आहे, आणि शाकाहारी भाज्या असतात. विद्यार्थ्यांची गर्दी असते, एकट्या माणसाला कुठल्याही टेबलावर जागा करून देतात. आणि ऑक्टोबर असल्यामुळे चौकाचौकांत चेस्टनट भाजणाऱ्यांच्या गाड्या लागलेल्या असतील. तिथेच बटाट्याचे तळलेले काप आणि किसाच्या टिक्क्याही मिळतात. कागदाच्या पुडीतले गरम चेस्टनट घेऊन रिंगवरून, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्यावरून, चालणं हे मला त्या शहरातलं सर्वांत स्वस्त सुख वाटतं. चालून दमलात तर 1 किंवा डी नंबरची ट्राम पकडा. पार्लमेंट, नगरभवन, बुर्गथिएटर सगळे दिवे लागलेले खिडकीतून दिसतात.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे विचारतीलच. रात्री अकराला ऑपेरातून सुटून मेट्रोने परत येताना मला कधी भीती वाटली नाही. डब्यात कार्यक्रमाचं पुस्तक हातात घेतलेल्या आजीबाई असतात. मेट्रो रोज साडेबाराच्या सुमारापर्यंत चालते, शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर. मोठ्या स्टेशनांवर उशिरा टोळकी असतात, तिथे रेंगाळायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाच वाजताच अंधारतं, तुमच्या तारखा त्यात येत असतील तर हे लक्षात ठेवा.

रविवारचं वेगळं सांगते, कारण त्या दिवशी दुकानं आणि सुपरमार्केटं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली थोडी उघडी असतात, पण दूध-फळं शनिवारीच आणून ठेवलेली बरी. संध्याकाळी यू-4 मेट्रोने हायलिगेनश्टाटला जा आणि तिथून 38ए बस घेऊन काहलेनबेर्ग या टेकडीवर. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा. खाली द्राक्षमळे, पलीकडे डॅन्यूब आणि मग सगळं शहर. हे मळे शहराच्या हद्दीतले आहेत, सुमारे 700 हेक्टर. त्याच बसने खाली येताना ग्रिन्झिंगला उतरलात तर होयरिगे आहेत, मळेवाल्यांची स्वतःची वाइनघरं. सम्राट दुसऱ्या योसेफने 1784 मध्ये मळेवाल्यांना आपली वाइन स्वतः विकायची मुभा दिली, तिथून ही रीत वाढली. दाराला पाइनची डहाळी टांगलेली असली की घर उघडं आहे. तुम्ही द्राक्षाचा रस मागा, ‘ट्राउबेनझाफ्ट’. तोही त्यांच्याच मळ्यातला असतो आणि कुणी भुवया उंचावत नाही. सोबत काळा पाव आणि लिप्टाउअर घ्या, लाल तिखट घातलेलं मऊ चीज असतं ते. लांब लाकडी बाकांवर अनोळखी लोक शेजारी बसतात. ग्रिन्झिंगहून 38 नंबरची ट्राम सरळ शॉटनटोअरला आणून सोडते, फक्त रविवारी ट्राम जरा विरळ असते, म्हणून उतरल्याबरोबर थांब्यावरच्या फलकावर परतीच्या वेळा बघून ठेवा.